वाडी जुळते ती तालमीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यातली एक वाडी, 35-40 घरं, त्यातली निम्मी वर्षभर कुलूपबंद. गणपतीला मुंबईकर येतात, आरत्या होतात, विसर्जनाला मोठे स्पीकर लावून पोरं नाचतात आणि गाड्या परत फिरतात. तरुण मुलं एकमेकांना नावानं ओळखत नाहीत, मोठ्या माणसांत दोन गट पडलेत. 15 वर्षांपूर्वी बंद पडलेला जाखडी नाच पुन्हा सुरू केला तर वाडी खरोखर एकत्र येईल का? आणि करायचीच तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर आधी देतो. येईल. पण नाचाच्या रात्री येईल अशी वाट बघू नका. ती त्याच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत येते, तालमीत. तालीम न करता बाहेरून पार्टी आणून नाच ठेवलात, तर माणसं बघायला येतील, चहा पितील आणि आपापल्या घरी जाऊन झोपतील.

मी चिपळूण तालुक्यातला. 32 वर्षं मृदंग वाजवतोय. गणपतीत आरत्या आणि जाखडी, शिमग्यात नमन म्हणजे सोंगांचा खेळ, मधल्या दिवसांत भजन. आमच्या वाडीचा नाच उभा असलेला मी पाहिला, मोडतानाही पाहिला, आणि मोडलेला परत उभा करणाऱ्यांत मी होतो. त्यातून जे कळलं ते लिहितो.

ज्यांना जाखडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मधे शाहीर, मृदंग किंवा ढोलकी, झांज आणि झील धरणारे, म्हणजे मागून साथीला गाणारे, बसतात. त्यांच्याभोवती पायात चाळ बांधलेले गडी फेर धरून नाचतात. मुंबईला कामधंद्यासाठी गेलेल्या आमच्या कुणबी माणसांच्या कानात बाल्या असायच्या, म्हणून मुंबईत याचं नाव पडलं बाल्या नाच. दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले की तो शक्ती-तुरा होतो. शक्तीवाले म्हणजे कलगीचा पक्ष, ते शक्तीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. मग गण, गवळण आणि पहाटेपर्यंत सवाल-जवाब. परळच्या दामोदर नाट्यगृहात या शक्ती-तुऱ्याचे आणि नमनाचे प्रयोग वर्षानुवर्षं होत असत. गिरणगावात राहणाऱ्या माणसाला आपल्या तालुक्याची माणसं एका ठिकाणी भेटायची ती तिथे.

आता मुद्द्यावर येतो. जिवंत वाद्याला दुसऱ्या माणसाची गरज पडते. त्या गरजेतूनच माणसं जोडली जातात, असं माझं पक्कं मत झालंय.

माझ्या मृदंगाचंच बघा. एका तोंडाला शाई असते, दुसऱ्या तोंडाला म्हणजे धुम्याला वाजवायच्या आधी ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे खालचा भरीव आवाज येतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची, नाहीतर कातडं खराब होतं. म्हणजे दर बैठकीला ताजी कणीक हवी. आमच्याकडे रोजची भाकरी तांदळाची. मी लहान होतो तेव्हा गव्हाचं पीठ सणासुदीलाच घरात दिसायचं. ज्या घरी नाच घेऊन जायचो त्या घराच्या पडवीत उभं राहून आमचे वस्ताद आत हाक मारायचे, "वहिनी, मुठभर कणीक." आतून वाटी यायची, बरोबर पाण्याचा तांब्या. ती माऊली मग दाराशीच उभी राहायची. आपल्या घरची कणीक कशी वाजते ते ऐकायला. मी आजही कणीक घरून नेत नाही. सोबत न्यायला काहीच हरकत नाही, पण नेत नाही. ज्या घराशी बोलणं तुटलंय त्या घरात तर मुद्दाम मागतो. कणकेला कोणी नाही म्हणत नाही.

भाद्रपदातली हवा तुम्हाला माहीत आहे. पाऊस थांबला तरी दमट कायम. शाईच्या बाजूचं कातडं ओल धरतं, आवाज बसतो. मग कातडं ताणणाऱ्या वादीतले लाकडी गठ्ठे ठोकून आवाज चढवायचा, आणि तेवढ्यानंही भागलं नाही तर वाद्य चुलीच्या धगीजवळ, पण हात ठेवता येईल एवढ्याच अंतरावर, धरून बसायचं. हे काम आम्ही एका आठवीतल्या मुलाकडे दिलं होतं. त्याला नाचता येत नव्हतं, गळा नव्हता. पण घरात शिरल्या शिरल्या चूल कुठे आहे ते विचारायचा हक्क त्याचा. तीन वर्षांत त्या मुलाला वाडीतली प्रत्येक चूल ठाऊक झाली, आणि प्रत्येक चुलीजवळच्या बाईला तो. आज तो पुण्यात नोकरीला आहे. गावी आला की आधी कोणाच्या घरी जातो ते सांगायला नको.

स्पीकरला काय लागतं? वीज. बाकी कोणाकडे काहीच मागावं लागत नाही. पोरांना मी दोष देत नाही, विसर्जनाला मीही त्यांच्यात नाचलोय. पण त्या नाचात कोणी आला नाही तर अडत नाही, आणि कोणी निघून गेला तर कळतही नाही. जाखडीत आठ गड्यांतला एक आला नाही तर फेर तुटतो. संध्याकाळी सात वाजता त्याच्या दारात दोघं जण उभे: "काय रे, बरं नाही का?" घरात वडील आजारी असतात, किंवा पैशाची ओढाताण असते, ते अशा वेळी वाडीला कळतं.

दुसरी गोष्ट वाजवणाऱ्याच्या नजरेची. मी मधे बसलेलो असतो आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवर फक्त पाय असतात. तोंडं दिसतच नाहीत. कोणाची टाच उशिरा पडतेय, कोणाचा गुडघा दुखतोय, कोण दमलाय हे मला पायांवरून कळतं. आमच्यात एक काका होते, साठी उलटलेली, फेर सोडायला तयार नसत. त्यांचा डावा पाय घासायला लागला की मी लय अर्धा घास खाली घ्यायचो. शाहिराला खुणेची गरज नसे, त्याला मृदंगातूनच कळायचं. झांजेवाला त्याच्यामागून यायचा. बाकीच्या सात जणांना वाटायचं आता गवळणीची चाल आली म्हणून संथ झालं. काकांना कळायचं. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ येऊन बसायचे, बोलायचे काही नाहीत, सुपारी कातरून हातावर ठेवायचे.

खाली सिंधुदुर्गात दशावतारात हेच आणखी मोठ्या प्रमाणात चालतं. तिथे नटांना लिहिलेली संहिताच नसते. कथानक ठरतं आणि संवाद रंगमंचावर सुचतात. पेटीवाला आणि मृदंगवाला कान टवकारून बसलेले नसतील तर राजाला प्रवेशसुद्धा घेता येणार नाही. डबलबारी भजनात दोन बुवा एकमेकांवर कुरघोडी करतात, पण समोरच्याचं पद नीट ऐकल्याशिवाय उत्तर देता येत नाही. शक्ती-तुऱ्यातही तसंच. इतकं कान देऊन आपण एरवी घरातल्या माणसाचंही ऐकत नाही.

आता तुमच्या दोन गटांविषयी. इथे मला एक अनुभव सांगायलाच हवा, कारण तो सांगितल्याशिवाय तुम्ही जास्तीची अपेक्षा ठेवाल.

आमच्याकडे दोन चुलत भाऊ होते, सहा वर्षं बोलणं बंद. कारण बांधाचं, कोर्टात गेलेलं. नाच परत सुरू करताना गडी कमी पडत होते, दोघांनाही घ्यावं लागलं. वस्तादांनी त्यांना फेरात एकमेकांशेजारीच उभं केलं. आम्हाला भीती वाटली, पण वस्तादांचं म्हणणं सरळ होतं: दोघांची उंची सारखी आहे, पाऊल सारखं पडतं, दुसरीकडे उभे केले तर फेर वाकडा दिसेल. पहिले आठ दिवस दोघं समोर बघून नाचले. मग एका रात्री तालमीत धाकट्याच्या पायातली चाळ सुटायला आली. चाळ म्हणजे पट्ट्यावर ओवलेले पितळी घुंगरू, भरपूर वजन असतं, सैल झाली तर घोटा सोलून निघतो. मृदंग चालू होता. थोरला म्हणाला, "चाळ ढिली झालीय तुझी," आणि खाली बसून त्यानं ती बांधून दिली. दोन वेढे, एक गाठ. धाकट्यानं पाय पुढे केला एवढंच. त्या दिवसापासून चाळीवरून, घामावरून, शाहिराच्या चुकांवरून बोलणं सुरू झालं.

बांधाचा दावा अजून चालू आहे. नाचानं तो मिटला नाही आणि मिटणारही नव्हता. पण थोरल्याच्या मुलीच्या लग्नात धाकटा मांडवात होता, आणि कोर्टाच्या तारखेला दोघं एकाच एसटीनं जातात. एवढं मी पाहिलंय. तुमच्या वाडीतही भांडणं राहतील. माणसं भांडण ठेवून शेजारी उभी राहू शकतील, इथपर्यंतच नाच नेतो.

असं का होतं याच्यावर अभ्यासही झालाय. माझा पुतण्या डॉक्टर आहे, त्यानं मला समजावून सांगितलं. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या किशोरवयीन मुलांना गटागटानं नाचवलं आणि 2015 साली निष्कर्ष छापले. काहींच्या हालचाली एकसारख्या, काहींच्या वेगवेगळ्या. काहींचा नाच दमवणारा, काहींचा बसल्या जागी. आधी आणि नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून किती दुखणं सोसवतं ते मोजलं. एकसारखं नाचण्यानं ते सोसणं वाढलं, आणि दमण्यानं वेगळं वाढलं. सोबत नाचलेल्यांबद्दल जवळीकही वाढली. मला हे ऐकून आमचे पाय आठवले. रात्रभर नाचताना काही दुखत नाही. सकाळी पायरी उतरताना कळतं.

त्याच वर्षीचा दुसरा एक अभ्यास तुमच्या प्रश्नाला जास्त लागू पडतो. इंग्लंडमध्ये प्रौढांचे नवे वर्ग सुरू झाले, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे आणि लेखनाचे. सात महिने त्यांच्यावर लक्ष ठेवलं. शेवटी सगळ्याच वर्गांत माणसं जवळ आली होती. पण गाण्याच्या वर्गातली माणसं सुरुवातीलाच, फार लवकर जवळ आली. आपल्या चाकरमान्यांकडे सात महिने नसतातच. पाच दिवस रजा, त्यातले दोन रेल्वेत आणि महामार्गावर. एवढ्याशा वेळात परक्या झालेल्या चुलतभावाला ओळखायचं असेल तर सभा, सत्कार, स्नेहसंमेलन याच्यापेक्षा एकत्र गाणं-नाचणं लवकर काम करतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, कारण ती टाळून हा विषय पूर्ण होत नाही. फेर जसा माणसांना आत घेतो तसा तो बाहेरही ठेवतो. आमच्या जुन्या नाचात बायका नव्हत्या. त्यांच्यासाठी गौरीच्या रात्रीची फुगडी आणि झिम्मा, तोही पुरुष घरात नसताना. वाडीच्या एका टोकाच्या चार घरांना कधी कोणी फेरात बोलावलं नाही, आणि का, हे कोणी मोठ्यानं बोललं नाही. शिमग्यात पालखी कोणाच्या खांद्यावर आधी, कोणाच्या अंगणात आधी, या मानपानावरून कोकणात कितीतरी गावांत भांडणं पेटलीत, पोलीस बंदोबस्तात पालख्या नाचल्यात. ढोल तोच, पालखी तीच, आणि त्याच तालावर गावं दुभंगली. तेव्हा नुसता ताल पुरत नाही. फेरात कोण उभं राहणार हे ठरवताना तुम्ही कसे वागता, त्यावर सगळं आहे. आम्ही परत सुरुवात केली तेव्हा त्या चार घरांतून आधी माणसं मागितली. त्यातल्याच एकाचा गळा आज आमच्या नाचाचा आधार आहे. आणि मुलींचे स्वतंत्र नाच आता जिल्ह्यात ठिकठिकाणी उभे राहतायत, तुमच्या वाडीतल्या मुलींना नाचायचं असेल तर त्यांना थांबवू नका.

आता करायचं कसं. लावणी आटपली की श्रावणात रात्री मोकळ्या असतात, जुने लोक तेव्हाच तालमीला बसायचे. तुम्हीही तेव्हाच बसा. गावात आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा, चार असले तरी चालतील. एक मृदंग, दोन झांजा, एक गाणारा. वाद्य नवं घ्यायच्या आधी वाडीत विचारा. कोणाच्या तरी माळ्यावर जुना मृदंग फडक्यात बांधलेला असतोच, आणि तो खाली काढताना त्या घरातलं म्हातारं माणूस तुम्हाला जे सांगेल ते कुठल्याही शिबिरात मिळणार नाही. बंद पडलेल्या नाचाचे गडी अजून असतील. त्यांना सत्काराला नको, शिकवायला बोलवा.

मुंबईकरांची अडचण खरी आहे. विरार, नालासोपारा, दिवा इथे रविवारी खोलीत तालीम करतात, ती मोबाईलवर आलेल्या ध्वनिमुद्रणावर. त्याची लय बांधलेली असते. गावातल्यांची लय गावच्या मृदंगाची. चतुर्थीला दोघं एकत्र आले की पावलं जुळत नाहीत आणि मग "तुमचं चुकलं, आमचं बरोबर" सुरू होतं. आमचा पहिल्या वर्षाचा नाच यातच जवळजवळ मोडला. तोडगा असा काढला की मुंबईत फक्त शब्द पाठ करायचे, चाल तोंडात बसवायची आणि झील धरायला शिकायचं. पाऊल गावात, खळ्यात, मृदंगावर. मुंबईकर एक दिवस आधी आले तर उत्तमच. नाहीतर पहिल्या रात्री त्यांनी बसून झील धरायची, दुसऱ्या रात्री फेरात यायचं. थोडी कुरकुर होते, पण सगळे ऐकतात, कारण नियम सगळ्यांना सारखा.

माईक लावायचाच तर शाहिरापुढे एक. मृदंगाला खळ्यात माईक लागत नाही, आणि लावलात तर वाजवणाऱ्याला नाचणाऱ्यांचे चाळ ऐकू येईनासे होतात. तिथून लय फसायला सुरुवात होते. सवलतीचे मोजके दिवस सोडले तर रात्री 10 नंतर स्पीकर कायद्यानं बंदच करावा लागतो, तेव्हा त्याच्यावाचून गाता येईल अशीच सवय ठेवा.

दारू पिऊन कोणी चाळ बांधायची नाही. हा नियम पहिल्या दिवशी, सगळ्यांसमोर, वाडीच्या ज्येष्ठ माणसानं सांगायला हवा. आमच्या नाचाचा शेवट 90च्या दशकात याच कारणानं झाला होता. एका घरात नको ते घडलं, बायकांनी दारं लावून घेतली आणि ती पुढे दहा वर्षं उघडली नाहीत. ती उघडायला आम्हाला जेवढे कष्ट पडले तेवढे नाच बसवायलाही पडले नाहीत.

बिदागीचा हिशोब रोजच्या रोज, वहीत लिहून, चहाच्या वेळी मोठ्यानं वाचायचा. नारळ किती, रोख किती. रक्कम थोडीच असते, पण संशय फार मोठा होतो. आणि घरांचा क्रम: पहिल्या वर्षी वाडीच्या वरच्या टोकापासून, पुढच्या वर्षी खालच्या टोकापासून. एवढ्या साध्या गोष्टीनं तुमच्या दोन गटांतली निम्मी कुरबूर बंद होईल. कुलूपबंद घरांच्या खळ्यातही एक फेर धरा. आम्ही धरतो. शेजारचं कोणीतरी पणती लावून ठेवतं. पहिल्यांदा असा फेर धरला त्याचं चित्रीकरण कोणीतरी त्या घरच्या माणसाला पाठवलं. ते कुटुंब 11 वर्षांनी पुढच्या गणपतीला आलं आणि कुलूप काढायला त्यांना लोहार बोलवावा लागला.

पाच-सहा रात्री झाल्या की दोन-तीन जण गळतील. गेले म्हणून चिडू नका, तालमीची वेळ बदलू नका, त्यांच्या घरावरून जाताना चाळ हातात घेऊन जा. आवाज त्यांना ओळखीचा असतो.

तुमचं गाव मला लांब नाही. नागपंचमीच्या आसपास पहिली तालीम ठेवा आणि कळवा, मी मृदंग घेऊन येतो. कणीक मात्र तुमच्या वाडीतून लागेल, आणि ती त्या दुसऱ्या गटाच्या घरातून आणा.